करवत धरायची कुठे?

२० मे २०२० च्या संध्याकाळी अम्फान चक्रीवादळ सुंदरबनच्या बाजूने बंगालमध्ये शिरले. कोलकात्यात दमदमला वाऱ्याचा वेग ताशी १३३ किलोमीटर नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा शहरातले रस्तेच्या रस्ते झाडांखाली गेले होते. तिथे ज्याला कृष्णचूडा म्हणतात तो आपला गुलमोहर, राधाचूडा म्हणजे आपला पीतमोहर, शिवाय जुने प्रचंड शिरीष, सगळे मुळांसकट आडवे. वीज नाही, पाणी नाही, रुग्णवाहिकेला वाट नाही. २३ मे रोजी राज्य सरकारने लष्कराला बोलावले आणि लष्कराच्या पाच तुकड्या कोलकाता व दोन्ही चोवीस परगण्यांत उतरल्या. टॉलीगंज, बालीगंज, बेहाला अशा भागांत जवान झाडे कापून रस्ते मोकळे करू लागले. टाळेबंदीत घरी अडकलेल्या आपण सगळ्यांनी ती दृश्ये टीव्हीवर पाहिली: तोंडाला मास्क, हातात गुरगुरणारी चेनसॉ आणि भुशाचा फवारा.

चेनसॉ चालवणारा माणूस सगळ्यांना दिसतो. तिची चेन बोथट झाल्यावर ती घेऊन बाजूला बसणारा, गोल कानशीने एकेक दात घासणारा माणूस मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. त्याच्यासमोर करवतीला घट्ट धरून ठेवणारे जे बिडाचे किंवा पोलादाचे साधन असते, त्याच्याकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. पण वादळानंतरचा रस्ता किती लवकर मोकळा होईल हे बरेचसे त्या साधनावर ठरते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हा लेख व्हाइस आणि क्लॅम्प यांच्याविषयी आहे.

कोलकात्यात झाडे कापणाऱ्या याच लष्कराच्या पूर्व कमांडचे मुख्यालय ज्या फोर्ट विल्यममध्ये आहे, त्या किल्ल्याशी मराठी माणसाची गाठ जुनी आणि चमत्कारिक आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला. याच दोघांनी २ जानेवारी १७५७ रोजी कोलकाता परत जिंकले, आणि प्लासीच्या लढाईनंतर क्लाइव्हने मैदानात आजचा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. आता लष्कराने याच किल्ल्याला ‘विजय दुर्ग’ हे नाव दिले आहे. २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या या बदलात तिथल्या सेंट जॉर्ज गेटचे ‘शिवाजी गेट’ झाले. देवगड तालुक्यातल्या मूळ विजयदुर्गापासून जवळच, वाघोटण खाडीत, मराठा आरमाराची खडक तासून केलेली गोदी आजही पाहायला मिळते. तिथे जहाजे बांधली जात आणि दुरुस्तही होत.

गोदीची आठवण उगाच काढलेली नाही. पाण्यावर असताना जहाजाला सगळीकडून सारखा आधार असतो. ते कोरड्यावर घेतले की पहिला प्रश्न उभा राहतो: टेकू लावायचा कुठे? भलत्या फळीखाली लावला तर जहाज स्वतःच्याच वजनाने फुटेल. म्हणून भार कण्यावर घ्यायचा आणि बाजूंना फक्त कलू न देण्यापुरते आधार द्यायचे. पाच-सहा किलोच्या चेनसॉची दुरुस्तीही याच प्रश्नापासून सुरू होते. तिचा कणा कुठला आणि कातडी कुठली, हे ओळखल्याशिवाय तिला व्हाइसमध्ये घालू नये.

आधी चेन बोथट का होते ते पाहू. चेनसॉच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, साधारण सात दाते असतात. ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचे निम्मे) चेन घेतली तर स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात ती सुमारे १३३ मिलिमीटर पुढे जाते. इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल तर चेनचा वेग सेकंदाला बावीस मीटर, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटर होतो. या वेगाने धावणारा दात लाकडाऐवजी मातीला किंवा सालीत घुसलेल्या खिळ्याला लागला तर त्याची धार काही क्षणांत जाते. शहरातल्या झाडात तर काय काय असते! जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे, रोषणाईच्या तारा, खोडात रुतलेले कुंपण. आडवे पडलेले झाड चिखलाने माखलेले असते आणि त्याचा खालचा भाग जमिनीला टेकलेला असतो. नारळाच्या खोडाचा बाहेरचा थर कठीण असतो आणि त्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे ते चेन लवकर खाते. धार गेल्याची खूण सोपी आहे. धारदार चेन लाकडाचे ठसठशीत कपटे उडवते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ पडू लागले की माणूस करवत दाबू लागतो, चेन ज्याच्याभोवती फिरते तो बार तापतो, हात थकतात आणि अपघात जवळ येतो.

आजच्या चेनच्या दाताची घडण एका अळीकडून आलेली आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी एक जाडजूड अळी निरखून पाहिली. ती जबड्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे कुरतडत पुढे जात होती. त्यावरून त्याने पुढच्या वर्षी आळीपाळीने डाव्या-उजव्या दातांची चेन बाजारात आणली. आजही मूळ रचना तीच आहे. धार लावणाऱ्यासाठी या रचनेचा अर्थ असा की निम्मे दात एका बाजूने घासायचे आणि निम्मे दुसऱ्या. अठरा इंची बारच्या चेनवर असे तेहतीसच्या आसपास दात असतात. प्रत्येक दाताला पाच हात मारले तरी दीडशेच्या वर हात होतात. ते सगळे एकाच कोनात, एकाच दाबाने आणि एकाच उंचीवर पडले पाहिजेत. बहुतेक चेनना तीस अंशांचा कोन लागतो, काहींना पंचवीस. ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस चालते, ३/८ ला ५.२ किंवा ५.५ ची. कानस पुढे ढकलतानाच कापते, परत आणताना ती उचलून आणायची. डाव्या बाजूचे दात उजव्यांपेक्षा लांब राहिले तर करवत सरळ कापत नाही. ती चंद्रकोर काढत जाते आणि मध्येच अडकते.

करवत मांडीवर किंवा पायात धरून हे काम होत नाही असे मी म्हणणार नाही. जुने हात ते करतात. पण तेव्हा एक हात करवत सावरण्यात जातो आणि कानस एकट्या हाताने चालते. कानशीला दोन हात लागतात, एक मुठीला आणि एक टोकाला. हे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. विळीचे पाते पाटाला पक्के बसवलेले असते, पाट पायाखाली दाबलेला असतो, म्हणून भाजी चिरणारीचे दोन्ही हात मोकळे राहतात. बंगालात याच साधनाला बोंटी म्हणतात, आणि कोलकात्याच्या मासळीबाजारात मोठ्या बोंटीवर रोहू कापणाऱ्याचे हात पाहिले की स्थिर पात्याची ताकद कळते. हलणारी वस्तू एकच असावी. विळीत पाते स्थिर आणि भाजी हलते. धार लावताना चेन स्थिर आणि कानस हलते. दोन्ही हलू लागल्या की कोन गेला.

व्हाइस म्हणजे यंत्रशाळेतला विळीचा पाट आहे असे म्हटले तरी चालेल, फक्त तिच्यात पायाच्या दाबाऐवजी आटे असतात. या आट्यांचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. समजा दांड्यावर तुमचा हात स्क्रूच्या मध्यापासून वीस सेंटीमीटरवर आहे आणि एका फेऱ्यात जबडा पाच मिलिमीटर सरकतो. हात एका फेऱ्यात सुमारे १२५ सेंटीमीटर फिरतो आणि जबडा अर्धा सेंटीमीटर सरकतो, म्हणजे जोर अडीचशे पटींनी वाढायला हवा. वीस किलोचा रेटा दिला तर पाच हजार किलो! प्रत्यक्षात यातला तीन चतुर्थांश भाग आट्यांमधले घर्षण खाऊन टाकते. तरीही सव्वा टनाच्या आसपास दाब उरतो. आणि जे घर्षण एवढा जोर खाते त्याच्यामुळेच व्हाइस कामाची आहे. आट्यांचा उतार इतका कमी ठेवलेला असतो की घर्षण स्क्रूला उलटे फिरू देत नाही. दांडा सोडून दिला, वर कानस घासली, ठोका बसला, तरी जबडा आपणहून सैल पडत नाही.

हा सव्वा टन नक्की कशावर पडतो, ते आता पाहायचे.

चेनसॉ पूर्वी अशी नाजूक नव्हती. जर्मनीत आंद्रेआस स्टिल याने १९२६ साली केलेली विजेवरची चेनसॉ ६४ किलोची होती आणि ती चालवायला दोन माणसे लागत. १९५० मध्ये त्याच्या कंपनीने एका माणसाने चालवायची पेट्रोलवरची चेनसॉ काढली, तिचे वजन १६ किलो होते. आज पाच-सहा किलोच्या मशीनमधून त्याहून चांगले काम होते. हे वजन उतरले मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आणि प्लास्टिक वापरून. मॅग्नेशियम हलके आणि वजनाच्या मानाने ताठ असते, पण बिडाच्या जबड्यांमध्ये आवळले की त्याला तडा जातो. इंजिनाच्या पेटीला केसासारखा तडा गेला तर तिथून हवा आत शिरते. पेट्रोल आणि हवेचे प्रमाण बिघडते, इंजिन भलतेच तापते आणि पिस्टन सिलिंडरला घासून जॅम होतो. दुरुस्तीला आणलेली करवत दुरुस्तीच्या टेबलावरच मरते ती अशी. टाकी, झाकणे, मागची मूठ हे सगळे प्लास्टिकचे. त्यांना व्हाइस लावण्याचा प्रश्नच नाही.

मग मुठीला धरावे असे पुष्कळांना वाटते. माणूस करवत मुठीनेच धरतो, तर व्हाइसनेही तिथेच धरावी, हा विचार साहजिक आहे. पण आधुनिक चेनसॉची मूठ इंजिनाला थेट जोडलेली नसते. मध्ये रबराचे ठोकळे किंवा स्प्रिंगा असतात. हाताला कंप जाऊ नये, वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची बोटे बधिर होऊन पांढरी पडू नयेत, यासाठी ही सोय केलेली आहे. त्यामुळे मूठ कितीही पक्की आवळली तरी इंजिन, बार आणि चेन स्प्रिंगांवर डुलतच राहतात. कानशीचा प्रत्येक हात थोडा वेगळ्या कोनात पडतो. आणि रबर फाटण्याची भीती वेगळीच.

धार लावण्यासाठी करवतीचा कणा म्हणजे तिचा बार. तो पोलादाचा असतो, सपाट असतो आणि चेन त्याच्याच भोवती फिरते. मात्र बारमध्येही एक जागा जपायची. त्याच्या कडेला चेनचे खालचे पाय धावतील अशी अरुंद खाच असते. ती मॉडेलप्रमाणे १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर रुंद असते. व्हाइसचा दाब या खाचेच्या भिंतींवर पडला तर त्या आत दबतात, आणि दोन दशांश मिलिमीटरचा फरकही चेन अडकवायला पुरेसा होतो. म्हणून पकड नेहमी बारच्या मधल्या पट्ट्यावर घ्यायची. साध्या बेंच व्हाइसचे जबडे खोल असतात. बार त्यात उतरवला की खालच्या बाजूची चेनही जबड्यात सापडते आणि दात बारपेक्षा रुंद असल्यामुळे दाब बारवर न येता दातांवर येतो. यावर उपाय सुताराकडून एका तासात होणारा आहे. बाभळीच्या किंवा सागाच्या तीन-तीन सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या करून घ्यायच्या आणि त्या बारच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना ठेवून मग व्हाइस आवळायची. चेन वरून आणि खालून मोकळी राहते. एकेक दात घासताना चेनब्रेक लावून ती थांबवायची, पुढचा दात समोर आणण्यासाठी ब्रेक सोडून हातमोजा घातलेल्या हाताने ती सरकवायची. खास चेनसॉसाठी मिळणाऱ्या फायलिंग व्हाइसचे जबडे मुळातच अरुंद असतात, त्या हेच काम पट्ट्यांशिवाय करतात.

व्हाइस टेबलाच्या कोपऱ्यावर बसवावी. दातांच्या दोन बाजूंसाठी माणसाला दोन बाजूंनी उभे राहावे लागते. भिंतीला लागून व्हाइस बसवली तर निम्मे दात अवघडलेल्या हातांनी घासले जातात, आणि मग करवत चंद्रकोर काढते. जबड्याचा वरचा भाग उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावा, हा आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये सुरुवातीच्या दिवसांतच शिकवला जाणारा नियम इथेही लागू आहे. बुटक्या टेबलावर वाकून दीडशे हात मारले की पाठ बोलते, आणि शेवटच्या दातांचा कोन पहिल्या दातांसारखा राहत नाही.

इंजिनाचे काम असेल तेव्हा मात्र बार काढून ठेवावा लागतो. आता करवतीचा कणा बदलतो. बार ज्या पोलादी स्टडांवर बसतो ते स्टड इंजिनाच्या पेटीत सर्वांत भक्कम जागी रोवलेले असतात, कारण कापताना सगळा ताण तिथेच येतो. कारखाने करवतीची जोडणी करायला जे स्टँड वापरतात त्यांतले बरेच हेच तत्त्व पाळतात. टेबलाला पक्की केलेली एक पट्टी असते, तिच्यात स्टडांच्या अंतराची भोके असतात, करवत तिच्यावर चढवून बारच्याच नटांनी आवळायची. मग सिलिंडर, कार्ब्युरेटर, स्टार्टर सगळे मोकळ्या हवेत आणि हाताच्या टप्प्यात. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत अशी दोन भोके पाडून मिळतील. नट आवळताना एवढेच लक्षात ठेवावे की स्टडांचे मागचे आटे मॅग्नेशियममध्ये आहेत. ते एकदा गेले की परत बसवणे कटकटीचे काम आहे.

क्लचसाठी मात्र या पट्टीचा उपयोग नाही, कारण क्लच स्टडांच्याच बाजूला असतो आणि पट्टी त्याच्यासमोर येते. बहुतेक चेनसॉमध्ये त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की तो सुटतो. आधी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये सोडायची, म्हणजे पिस्टन वर जाताना तिच्यावर अडतो आणि क्रँक फिरत नाही. मग पाना लावायचा. जोर लावताच इंजिनाऐवजी अख्खी करवतच फिरू पाहते. अशा वेळी ती टेबलावर आडवी ठेवून पुढच्या धातूच्या मुठीला पट्ट्याने किंवा लाकडी गादी लावलेल्या क्लॅम्पने जखडावी. इथे स्प्रिंगांचे डुलणे चालते, कारण कोन जपायचा नसून फक्त गिरकी थांबवायची असते. या सगळ्या कामाआधी प्लगची टोपी काढून ठेवायची आणि टाकी रिकामी करायची. हे नियम कंटाळवाणे वाटतात, पण बोटे परत उगवत नाहीत.

बेंच व्हाइसबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती रोज मोडली जाते. तिचे शरीर बिडाचे असते. बीड दाब सोसते, ठोका सोसत नाही. लोहाराची उंच पायाची व्हाइस घडीव पोलादाची असते आणि तिचा पाय जमिनीला टेकलेला असतो, म्हणून ती घणाचे घाव जमिनीत उतरवते. बेंच व्हाइसवर ते करू नये, आणि जोर वाढावा म्हणून दांड्याला पाइपही घालू नये. पाइप घालावा लागतोय असे वाटले तर पकडीची जागाच चुकली आहे, असे समजावे.

अम्फाननंतर दोनच आठवड्यांनी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ आपल्या दारात आले. ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर चढले. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या वाड्याच्या वाड्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, नारळ कौलांवर पडले, दापोली-मंडणगडपर्यंत रस्ते बंद झाले. त्या दिवसांत कोकणात टेबल कुठे आणि व्हाइस कुठे? वीज नाही, घरावर छप्पर नाही. अशा वेळेसाठी जंगलकामगारांकडे एक छोटेसे साधन असते. हाताच्या पंज्याएवढी पोलादी पकड, खाली दोन टोकदार खिळ्यांसारखे पाय, वर बोटांनी आवळायचा स्क्रू. कापलेल्या आंब्याच्या किंवा फणसाच्या बुंध्यात ते पाय हातोडीने ठोकायचे, बार पकडीत धरायचा, आणि पडलेले झाडच कामाचे टेबल होते. पाच मिनिटांत चेनला धार, आणि पुन्हा कामाला सुरुवात. हे साधन खिशात मावते. वादळाच्या कामाला निघालेल्या प्रत्येक करवतीबरोबर ते असलेच पाहिजे, असे मला वाटते.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ कोकणाला घासून गेले. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती आणि तरुणांची मंडळे आता पावसाळ्याआधी चेनसॉ घेतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना एकच विनंती आहे. करवत घ्याल त्याच दिवशी तिच्याबरोबर बुंध्यात ठोकायची एक पकड, योग्य मापाच्या दोन गोल कानशी आणि बाभळीच्या दोन पट्ट्या घ्या. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात एका जाड फळीच्या कोपऱ्यावर एक बेंच व्हाइस कोपराच्या उंचीला पक्की बसवून ठेवा. आणि गावातल्या दोघा-तिघांकडून मे महिन्याच्या आत एकदा तरी अख्खी चेन घासून घ्या.